वस्ताद आणि मास्तर

दिवाळीच्या पहाटे दारात रांगोळी घालण्याचा मान आमच्या घरात आजीचा होता. ती ठिपक्यांची रांगोळी घाली. आम्ही बहिणी अंगाला तेल तसेच माखलेल्या, कुडकुडत तिच्या शेजारी बसत असू. तिने आम्हांला रांगोळी 'शिकवली' असे मला आठवत नाही. पहिली दोन वर्षे नुसते अंगण सारवायचे आणि त्यावर गेरू फिरवायचा. मग ठिपके. ठिपका वाकडा पडला की आजी तोंडाने काही बोलत नसे. तळहाताच्या कडेने तो पुसून टाकी आणि स्वतः दुसरा ठेवी. पुढे केव्हातरी कोपऱ्यातले एखादे पान जोडायला मिळे. सबंध दार हाती आले ते तिचे गुडघे धरल्यावर. आणि तेव्हाही ती उंबऱ्यावर बसून पाहत होतीच.

ही आजी आज आठवण्याला कारण आहे. मी कोल्हापूरकडच्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. आमच्या घरात दहावीला अजून मॅट्रिकच म्हणतात. तेव्हा मॅट्रिक, आणि त्यापुढे चित्रशिक्षकाची पदविका, एवढेच माझे शिक्षण. कादंबऱ्या लिहिते, पण तो जोडधंदा. संपादकांनी कादंबरीवर लिहायला सांगितले असते तर मी चार गोड गोष्टी लिहून मोकळी झाले असते. त्यांनी विचारले, 'चित्रकार घडवतात कसे, यावर लिहाल का?' आणि मी गप्प झाले. कारण त्या आधीच एक गोष्ट माझ्या मनात सलत होती.

एलिमेंटरीच्या परीक्षेचा वर्ग चालू होता. स्मरणचित्रासाठी मी विषय दिला, 'दिवाळीची तयारी'. एका मुलीने कागदभर एकच आकृती काढली होती. चुलीपुढे बसलेल्या बाईची पाठ; तीही पाठमोरी अशी, की कागदाचा निम्मा भाग तिनेच व्यापलेला. एका बाजूला कोपर, कोपराखालून दिसणारी कढईची काळी कड, आणि वर धुराने काजळलेला भिंतीचा तुकडा. बस्स.

मी म्हटले, "अगं, हिचं तोंड कुठं आहे?"

"बाई, मला आई अशीच दिसते. मी तिच्या मागं बसून चकल्या मोजत असते ना."

"परीक्षेत पाठ काढून चालत नाही. माणसं समोरून दिसली पाहिजेत. तीन आकृत्या पुढं, मागं घर, वर आकाशकंदील. पूस ते."

तिने पुसले. परीक्षेत तिला 'ए' श्रेणी मिळाली. पेढे घेऊन आली तेव्हा म्हणाली, "बाई, आता मला परीक्षेचं चित्र येतं." त्यानंतर तिने मला दाखवलेल्या प्रत्येक चित्रात माणसे समोर तोंड करून उभी आहेत.

आता कुणी म्हणेल, यात एवढे काय? शिक्षकाने चूक दाखवायची नाही तर करायचे काय? आजीनेही माझे ठिपके पुसलेच होते. मग आजीचे पुसणे मला मायेचे का वाटते आणि माझे पुसणे पाप का वाटते? या एका प्रश्नाचा पाठपुरावा करत मी मिळतील तशी पुस्तके वाचली, छायाचित्रे पाहिली, मुंबईला दोन फेऱ्या मारल्या. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवते.

इटलीत चेन्निनो चेन्निनी नावाचा एक चित्रकार होऊन गेला. इसवी सन १४०० च्या सुमारास त्याने चित्रकाराच्या धंद्यावर एक पुस्तक लिहिले. त्याची चित्रे आज कुणाच्या लक्षात नाहीत. पुस्तक मात्र राहिले. पुस्तक कसले, कारखान्याची दिनचर्याच ती. हा गृहस्थ सांगतो की चित्रकार व्हायचे तर वस्तादाच्या घरी लहानपणीच राहायला जावे. एक वर्ष लहानशा फळीवर नुसते रेखाटन. मग सहा वर्षे रंग वाटणे, सरस उकळणे, फळ्यांना अस्तर देणे. मग आणखी सहा वर्षे रंगकाम, सोन्याचे काम, भिंतीवरचे काम. एकूण तेरा वर्षे; आणि या तेरा वर्षांत सण असो की कामाचा दिवस, रेखाटन एक दिवसही सोडायचे नाही. दिवाळी अंकाच्या वाचकांना हा म्हातारा फारसा आवडणार नाही!

चेन्निनीचा आणखी एक सल्ला आहे, तो आजच्या कानांना विचित्र वाटेल. एकाच वस्तादाची नक्कल करा, म्हणतो. आज याची, उद्या त्याची केलीत तर कुणाचीच धड येणार नाही. एकाचीच करत राहिलात तर पुढे आपोआप तुमची स्वतःची म्हणून काही रीत निघेल. तो बोलला ते अनुभवाने. तो बारा वर्षे आन्योलो गाद्दीकडे होता. आन्योलो आपल्या बापाकडे, ताद्देओकडे, शिकलेला. आणि ताद्देओ हा प्रत्यक्ष जोत्तोचा चोवीस वर्षांचा शागीर्द. आपल्याकडे गवई घराणे सांगतात तसे चेन्निनीने हे अभिमानाने सांगितले आहे.

म्हणजे नक्कल काही परीक्षा मंडळांनी शोधून काढलेली नाही. वस्तादाच्या घरी तर तिचाच रतीब होता. तरीही त्या कारखान्यांतून माणसे मेली नाहीत, घडली. १४८८ मध्ये तेरा वर्षांचा मिकेलआंजेलो फ्लॉरेन्सच्या गिरलांदायोकडे शागीर्द म्हणून राहिला. त्याच्या करारात वस्तादानेच पोराला तीन वर्षांत चोवीस फ्लोरिन द्यायचे असे ठरले होते. कारण उघड आहे. पोरगे वस्तादाच्या कामाला उपयोगी पडणार होते. त्याने वाटलेला रंग खऱ्याखुऱ्या भिंतीवर चढणार होता, आणि त्या भिंतीपाशी, त्याच्या शेजारी, वस्ताद स्वतः उभा राहणार होता.

कोल्हापूरच्या वाचकांना हे दोन शब्दांत समजेल. तालमीत वस्ताद काठावर खुर्ची टाकून डाव सांगत बसत नाही. लंगोट कसून लाल मातीत उतरतो. पोरगे त्याच्या अंगाला अंग भिडवून डाव शिकते. शंभरदा चीत होते, आणि चीत होता होताच चीत करायला शिकते.

पण कारखान्याचे गोडवे गाताना एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. तालमीचे दार कुणासाठी उघडे होते? फ्लॉरेन्सचे चित्रकार वैद्य आणि औषधविक्यांच्या संघात मोडत, कारण रंग औषधांच्याच दुकानी मिळत. आणि त्या संघात सभासदांच्या मुलाबाळांना प्रवेशाची सवलत असे. बापाचा कारखाना असेल तर मुलगा चित्रकार. मुलगीही क्वचित. ओराझिओ जेंतिलेस्की चित्रकार होता म्हणून त्याची मुलगी आर्तेमिझिया चित्रकार होऊ शकली. शेजारच्या न्हाव्याच्या मुलीच्या हातात तेवढीच जादू असती तर ती कुणाला कळली असती? आपल्याकडे तर हा प्रश्न सवलतीचा नव्हता, जन्माचा होता. कासार, सुतार, पाथरवट, जिनगर. ज्याची कला त्याच्या घरात. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर कोणत्याही कलाशाळेत गेले नाहीत. वडील कृष्णराव मिस्त्री यांच्या घरी हत्यारे हातात घेऊनच ते वाढले, आणि चुलतभाऊ आनंदराव यांच्याबरोबर नाटकांचे पडदे रंगवत मोठे झाले. धन्य तो कारखाना! पण माझे वडील एस.टी.त कंडक्टर. मी कुठल्या घरी रंग वाटायला गेले असते?

म्हणून शाळा निघाल्या, हे मी मानते. १५६३ मध्ये वासारीच्या खटपटीने फ्लॉरेन्सला चित्रकारांची अकादमी निघाली. १६४८ मध्ये पॅरिसला राजाश्रयाने निघाली. १७६८ मध्ये लंडनला. चित्रकाराचा मान वाढला. तो आता संघाचा कारागीर राहिला नाही, विद्वान झाला. आर्तेमिझियाला १६१६ मध्ये फ्लॉरेन्सच्या त्या अकादमीने सभासद करून घेतले. कोणतीही स्त्री त्यापूर्वी तिथे नव्हती. शिक्षणाचीही पायरी ठरली: आधी छापील चित्रांवरून नक्कल, मग प्लास्टरच्या ग्रीक पुतळ्यांवरून, मग जिवंत मॉडेलवरून. रंग नंतर. रंग वाटणे तर नाहीच. ते नोकराचे काम!

या अकादमीचे एक चित्र योहान झोफानीने १७७१-७२ मध्ये काढले आहे. लंडनच्या अकादमीचे सभासद दिव्याच्या उजेडात नग्न मॉडेलभोवती जमले आहेत. कुणी बोलते आहे, कुणी न्याहाळते आहे. संस्थापकांत दोन स्त्रियाही होत्या, अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. त्या कुठे आहेत? भिंतीवर. नग्न मॉडेलच्या खोलीत बायकांनी यायचे नाही, म्हणून झोफानीने त्यांची व्यक्तिचित्रे भिंतीवर टांगून टाकली. चित्र मोठे कौशल्याचे आहे, आणि झोफानीला तसे काही म्हणायचे होते असेही नाही. पण अकादमीवर इतकी बोचरी टीका मी दुसरी वाचली नाही. दार उघडले, आणि उघडता उघडता फ्रेममध्ये बंद झाले. याच चित्रात आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. एवढे नामांकित चित्रकार जमले आहेत, पण तिथे चित्रांचे काम असे काही चाललेले दिसत नाही. वस्तादांच्या जागी सभा आली होती.

लंडनची ही हवा मुंबईला आली ती थेट नव्हे, एका वळणाने. इंग्लंडातल्या गिरणीमालकांचा माल फ्रेंच मालापुढे बेंगरूळ दिसे. त्यावर उपाय म्हणून तिथल्या सरकारने १८३७ मध्ये नक्षीकामाची शाळा काढली. पुढे १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनात हिंदुस्थानातली कापडे आणि भांडी पाहून तिथल्या जाणकारांनी तोंडात बोटे घातली. रंगाची आणि नक्षीची समज या लोकांकडून घ्यावी असे म्हणू लागले. आणि मौज अशी, की ज्यांच्याकडून घ्यायचे त्यांनाच शिकवण्यासाठी शाळा निघाल्या. सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ मध्ये एक लाख रुपये देऊ केले आणि १८५७ मध्ये मुंबईत त्यांच्या नावाची कलाशाळा सुरू झाली. कारागिरांसाठी काढलेल्या या शाळेत कारागिरांची मुले थोडी आणि पांढरपेशांची अधिक, अशी स्थिती लवकरच झाली. तरी दार उघडले हे खरे. फी भरणाऱ्याला 'तुझ्या बापाचा धंदा काय' असे तिथे विचारत नव्हते.

या शाळेला प्रारंभी माणसेही चांगली लाभली. १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग आले, रुडयार्डचे वडील. ते शिल्पकार. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरचे दगडी कोरीवकाम त्यांच्या योजनेचे. पुढे बोरीबंदरचे भव्य स्टेशन उभे राहिले तेव्हा त्यावरची पाने, पाखरे, माकडे आणि वेलबुट्टी यांच्या कामात शाळेच्या विद्यार्थ्यांचे हात राबले. आजही लोकलच्या गर्दीत क्षणभर मान वर करता आली, तर पाहावे: ते दगड शाळेत गिरवल्यासारखे दिसत नाहीत. कारण ते गिरवलेले नव्हतेच. ते काम होते.

पण शाळेचा विस्तार झाला तो दुसऱ्या दिशेने. गावोगावच्या शाळांत चित्रकला हा विषय आला. तो शिकवायला माणसे हवीत, म्हणून १८९३ मध्ये ड्रॉइंग मास्तर तयार करण्याचा वर्ग सुरू झाला. हे मास्तर म्हणजे माझे पूर्वज. त्यांच्याकडून चित्राची अपेक्षा नव्हती. दुसऱ्याकडून रेषा नीट काढून घ्यायची, मापे बरोबर आहेत की नाहीत पाहायचे आणि श्रेणी द्यायची. हाताने काम करणारा वस्ताद आणि हातात छडी धरणारा मास्तर यांची ताटातूट इथे पुरी झाली.

एवढ्यावर थांबले असते तर हा लेख शाळांच्या नावाने बोटे मोडून संपला असता. पण याच शाळेने एक काम असे केले आहे, की त्यापाशी माझा सगळा हिशेब बदलतो. ते काम अजिंठ्याचे.

१८७२ मध्ये जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला गेले आणि १८८५ पर्यंत हंगामाहंगामाला जात राहिले. हेतू सरकारी होता: भिंतीवरच्या चित्रांच्या नकला करून लंडनला पाठवायच्या. या नकलांच्या नशिबी फारसे काही चांगले लिहिलेले नव्हते. त्यांच्या आधी मेजर रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. आणि ग्रिफिथ्स यांच्या मंडळींच्याही कित्येक नकला १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. उरल्या त्यांच्या आधाराने ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ छापला. आणखी एक दुःखाची गोष्ट सांगायला हवी. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर व्हार्निश चढवले गेले. ते पुढे पिवळे पडले आणि चित्रांना बाधले. नक्कल करणाऱ्यांनी अस्सलाला लावलेला हा डाग आहे, आणि तो झाकण्यात अर्थ नाही.

हे सारे मान्य करून मी म्हणते, त्या शाळेतली सर्वांत चांगली शाळा अजिंठ्याच्या त्या अंधारात भरत होती. पेस्तनजी बोमनजीसारखा तरुण तिथे कित्येक दिवस एका भिंतीपुढे बसे. मास्तर काठावर नव्हते. स्वतः ग्रिफिथ्स त्याच अंधारात, तीच नक्कल करत होते. पोरांना अडलेली रेषा त्यांनाही अडत होती. न कळत तिथे चेन्निनीचा कारखाना उभा राहिला होता. आणि या खेपेला त्याच्या दारात जन्माचा दाखला मागत नव्हते.

या जागी इतिहासाने एक सुंदर गाठ मारून ठेवली आहे. चेन्निनीचे ते जुने पुस्तक १८९९ मध्ये क्रिस्तियाना हेरिंगहॅम नावाच्या बाईंनी इंग्रजीत आणले. पुस्तकातल्या कृती खऱ्या की खोट्या हे पाहण्यासाठी त्यांनी अंड्याच्या बलकात रंग कालवून स्वतः चित्रेही केली. याच बाई पुढे अजिंठ्याला आल्या. १९०९ ते १९११ या काळात त्यांनी तिथे नकला केल्या आणि मदतीला कलकत्त्याहून अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य आले. त्यांत एक होते नंदलाल बसू. चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या फ्लॉरेन्सच्या तालमीतला वस्तादाचा मंत्र जणू त्या बाईंच्या पिशवीतून अजिंठ्याच्या डोंगरात आला.

आता या दोन्ही नकला छापील पानांवर शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. मी पाहिल्या. ग्रिफिथ्स यांच्या मंडळींनी तैलरंगात काम केले. त्यांची माणसे भरीव आहेत. गालाला गोलाई आहे, मानेखाली सावली आहे. हात लावला तर मांस लागेल. हेरिंगहॅम आणि कलकत्त्याच्या मंडळींनी जलरंग घेतले. त्यांच्याकडे मांस नाही, रेषा आहे. भुवईपासून खांद्यापर्यंत एका दमात आलेली, कुठे जाड, कुठे बारीक, श्वास घेणारी रेषा. भिंत तीच. मग फरक कशाचा? प्लास्टरच्या पुतळ्यांपुढे वर्षे काढलेल्या डोळ्यांनी भिंतीवर उजेड आणि सावली पाहिली. अवनींद्रनाथांकडे शिकलेल्या डोळ्यांनी तिथे रेषा पाहिली. शिक्षण हातात असते असे आपण समजतो. ते खरे डोळ्यात असते. आपण काय पाहायला शिकलो, त्याप्रमाणे अस्सल वस्तूही आपल्याला दिसते. निर्दोष नक्कल कुणीच केली नाही, आणि तेच बरे झाले. कारण त्या चुकांतच दोन निरनिराळी घराणी ओळखू येतात.

म्हणून पुतळ्यांवर शिकलेले सगळे फुकट गेले, असे मात्र मी म्हणणार नाही. गणपतराव म्हात्रे यांचे 'मंदिरपथगामिनी' हे शिल्प पाहावे. विद्यार्थिदशेतल्या मुलाने प्लास्टरमध्ये केलेले काम. पूजेचे साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली तरुण मुलगी, अंगावर नऊवारी. त्या नऊवारीच्या चुण्या पाहिल्या की कळते, या पोराने ग्रीक पुतळ्यांच्या वस्त्रांपुढे किती तास घालवले असतील. पण ग्रीक पुतळा त्याने गिरवला नाही. तिथे शिकलेली नजर त्याने आपल्या आळीतल्या मुलीकडे वळवली. परक्या वस्तादाकडून डाव शिकून आपल्या मातीत कुस्ती मारली.

आणि धुरंधर! कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये या शाळेत शिरले आणि शिक्षक होऊन, संचालकाच्या खुर्चीपर्यंत पोचून, १९३१ मध्ये बाहेर पडले. त्यांचे आत्मचरित्र 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' १९४० मध्ये निघाले. नाव पाहा: शाळा नव्हे, कारखाना नव्हे, मंदिर. पुस्तक भाबडे आहे, गुरूविषयीच्या कृतज्ञतेने ओथंबलेले आहे; शाळेकडे वाकड्या नजरेने पाहणे धुरंधरांना जमतच नाही. टीकाकार म्हणून मला ती त्याची उणीव वाटते, शिक्षिका म्हणून त्याचा हेवा वाटतो. धुरंधर शिकवत होते आणि त्याच वेळी अखंड काढत होते. हजारोंनी चित्रे: पौराणिक, लग्नकार्याची, रस्त्यावरच्या माणसांची, पोस्टकार्डांची. त्यांच्या विद्यार्थ्यांना मास्तर आणि वस्ताद एकाच अंगरख्यात मिळाले. लेक अंबिका हिला तर ते घरात आणि शाळेत, दोन्हीकडे मिळाले. आणि झोफानीच्या भिंतीवरून खाली उतरून ती चित्रकार झाली.

धुरंधरांच्या चित्रांचे मला एक वैगुण्य वाटते, तेही सांगते. त्यांची माणसे बहुधा रंगभूमीवरच्या पात्रांसारखी उभी राहतात. प्रेक्षकांना सगळे नीट दिसावे म्हणून थोडी आपल्याकडे वळून. मोठ्या चित्रकाराच्या हाती ही लकब शोभून गेली. पण मोठ्याची लकब धाकट्यांच्या हाती नियम होते आणि त्याहून धाकट्यांच्या हाती गुणपत्रिका. 'माणसं समोरून दिसली पाहिजेत,' हे मी त्या मुलीला सांगितले, ते माझे वाक्य नव्हते. कुणाच्या तरी जिवंत सवयीचा तो वाळलेला पापुद्रा होता.

१९१९ या एका वर्षी दोन ठिकाणी माणसांनी ही ताटातूट मिटवण्याचा प्रयत्न केला. जर्मनीत वायमारला 'बाउहाउस' निघाली, तिथे चित्रकार आणि कारागीर यांना एकाच कार्यशाळेत उभे केले. ती १९३३ मध्ये नाझींच्या राजवटीत बंद पडली. तिथेही मुलींना बहुतांशी मागाकडेच वळवले जाई, हे विसरता येत नाही. आणि इकडे शांतिनिकेतनात कलाभवन सुरू झाले. अजिंठ्याच्या भिंतीपुढे बसलेले नंदलाल बसू तिथले वस्ताद झाले. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी त्यांनी खेड्यातल्या माणसांची चित्रे काढली: ढोलकी वाजवणारा, दळण दळणारी, सुतार, शिंपी. शिष्यांनी शेजारी बसून त्यांच्या नकला केल्या आणि मंडप सजवला. पुन्हा नक्कलच! पण वस्ताद मातीत उतरलेला होता, आणि चित्रे खऱ्या मंडपात, खऱ्या माणसांपुढे लागायची होती.

आता माझ्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाल्यासारखे वाटते. आजीचे पुसणे आणि माझे पुसणे यांत फरक एवढाच, की आजीने पुसल्यावर स्वतःचा ठिपका ठेवला होता. तिची चिमूट माझ्यापुढे चालत होती. तिने मला माझी रांगोळी पुसायला सांगितली ती आमच्या दोघींच्या दारासाठी. मी मात्र 'पूस' म्हटले आणि वही घेऊन पुढच्या बाकाकडे गेले. गेल्या कित्येक वर्षांत मी मुलांच्या देखत माझे स्वतःचे चित्र काढलेले नाही. फळ्यावर घडा काढते, लंबवर्तुळ कसे साधायचे ते दाखवते. चित्र काढत नाही. नकलेने कला मरत नाही. शिकवणाऱ्याने स्वतःचे काम थांबवले की ती मरते, आणि मुलांना दिसते ते नुसते तिचे गुणपत्रक.

परीक्षा मोडून टाका, असे मात्र मी म्हणणार नाही. दहावीला जादा गुण मिळतात म्हणून मुले चित्रकलेला बसतात, याची शहरात चेष्टा होते. होऊ दे. कंडक्टरच्या मुलीच्या घरी कागद आणि रंगपेटी आली ती त्याच परीक्षेच्या नावाने. 'परीक्षेला लागतात' म्हटल्यावरच वडिलांनी खिशात हात घातला. तालमीचे दार माझ्यासाठी उघडले नसते, शाळेचे उघडले. ते दार उघडेच राहिले पाहिजे. फक्त आत गेल्यावर कुणीतरी मातीत उतरलेले दिसले पाहिजे.

यंदा सुटी लागण्यापूर्वी मी वर्गात खुर्ची बाजूला सारली, सतरंजीवर बसले आणि मांडीवर फळी घेऊन चित्र काढायला लागले. विषय माझाच: 'दिवाळीची तयारी'. हात इतका आखडला होता की पहिली तीन चित्रे टाकून द्यावी लागली. मुले प्रथम हसली, मग बोलेनाशी झाली, मग भोवती दाटून बसली. चौथ्यात मी आजीची पाठ काढली. उंबऱ्यापाशी वाकलेली, आणि तिच्या हातातून गळणारी रांगोळी. ती मुलगी माझ्या खांद्यामागे येऊन उभी होती. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली,

"बाई, कोपर जरा खाली पाहिजे. वाकल्यावर ते गुडघ्याला टेकतं."

मी पाहिले. तिचे बरोबर होते. मी तळहाताच्या कडेने कोपर पुसले आणि पेन्सिल तिच्या हातात दिली.